गाणी भरून मिळतील

‘गाणी भरून मिळतील’ ही पाटी आमच्या खान्देशात चांगली तीसेक वर्षे टिकली. पाटीखालचे दुकान बदलले, दुकानातले यंत्र बदलले, ज्यात गाणी भरायची ती वस्तू बदलली. पाटीवरचे शब्द तेवढे तेच राहिले. आधी कॅसेट भरून मिळे, मग सीडी, मग मोबाईलची चिप, आणि आता ट्रॅक्टरमध्ये लावायला पेन ड्राइव्ह. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे या ‘भरून’ची मला पहिल्यापासून गंमत वाटत आली आहे. पोते भरतात, हंडा भरतात, फॉर्म भरतात, फार झाले तर मन भरून येते. गाणे भरायचे ते आमच्याकडेच!

हे सगळे आठवायला कारण झाला नातू. दिवाळीत पुण्याहून आला होता, तेव्हा त्याने मला मोबाईलवर एक माहितीपट दाखवला. डाउनलोड आले आणि गाण्यांची दुकाने कशी बुडाली, अशी ती सगळी हकीकत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आवाजाची फाइल लहान करण्याची युक्ती काढली, १९९५ साली तिला ‘एमपीथ्री’ हे शेपूट मिळाले. १९९९ साली शॉन फॅनिंग नावाच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोराने नॅपस्टर काढले आणि लोक एकमेकांच्या संगणकातून फुकट गाणी घेऊ लागले. दोन वर्षांत कोर्टकचेरीने ते बंद पडले. २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला. २००३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलने इंटरनेटवर गाण्यांचे दुकान उघडले आणि ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली. एका गाण्यासाठी दहा-बारा गाण्यांची सीडी घ्यायची तिथल्या लोकांची सक्ती संपली, आणि दुकाने ओस पडली.

गोष्ट खरी आहे आणि चांगली सांगितली आहे. पण पाहता पाहता मनात आले, की ही जळगावची गोष्ट नाही, आणि धुळ्याची तर नाहीच नाही. सुटे गाणे विकत घ्यायला आम्ही अ‍ॅपलची वाट पाहत बसलो नव्हतो. ते आम्हाला १९८० च्या सुमारासच मिळत होते. कागदावर यादी लिहून दिली की झाले!

म्हणून आमच्याकडची हकीकत लिहून ठेवावी म्हटले. भाचे-पुतणे वाचतील, ब्लॉगवरची मित्रमंडळी आपापल्या गावची भर घालतील.

खान्देशात सामान्य माणसाने गाणे विकत घेतले ते फार उशिरा. ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजान गायली ती १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. १९०८ पासून तिथेच सियालदहला तबकड्या तयार होऊ लागल्या. पण एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी ती ठिसूळ तबकडी आणि ती वाजवायचे चावीचे यंत्र परवडणार कोणाला? माझ्या लहानपणी आमच्या गावात ग्रामोफोन एकाच घरी होता आणि तो बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेला असे. गावाला गाणे ऐकवायचा तो लाउडस्पीकरवाला. लग्न ठरले की त्याला सुपारी द्यायची. तो बॅटरी, कर्णा आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी घेऊन बैलगाडीतून येई, निंबाच्या झाडाला कर्णा बांधी, आणि दोन दिवस गाव गाणी ऐके. पैसे द्यायचे नवरीच्या बापाने. म्हणजे गाणे आम्ही विकत घेत नव्हतो, भाड्याने आणत होतो, आणि भाडे एकाचे असले तरी ऐकणारे सगळे. आताच्या मुलांना वाटते की दरमहा पैसे भरून गाणी ऐकणे हा काही नवा शोध आहे. असो.

मग रेडिओ. सिलोनवरची बिनाका गीतमाला, १९५७ पासून विविध भारती, आणि १९७६ पासून आमचे हक्काचे आकाशवाणी जळगाव. रेडिओवर गाणे मागवायचे तर पोस्टकार्ड लिहावे लागे, आणि त्यासाठी गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव ठाऊक असावे लागे. निवेदक गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी नावे सांगे. त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या सालदारालाही शैलेंद्र कोण आणि साहिर कोण हे ठाऊक होते. नावाशिवाय गाणे मिळतच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ सालीच काढली होती. आमच्याकडे ती दिसू लागली सत्तरीच्या शेवटी-शेवटी, कोणाचा तरी जावई आखातातून ‘टू-इन-वन’ घेऊन आला की. तोवर गाण्यांच्या बाजारात कुत्र्याचे चित्र असलेल्या एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. ती मोडली गुलशन कुमार यांनी. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस. १९८३ साली त्यांनी सुपर कॅसेट्स कंपनी उभी केली, तीच टी-सीरीज. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक फट होती. ठरलेले मानधन भरून आणि कळवून, जुने गाणे दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेता येत असे. त्या फटीतून त्यांनी जुनी गाणी नव्या गळ्यांतून बाजारात आणली, किंमत निम्म्यावर ठेवली, आणि कॅसेट विकायला बसवल्या पानाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात. जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर हातगाडीवर कॅसेटचे ढीग लागले ते या काळात. १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’च्या आणि १९९० च्या ‘आशिकी’च्या कॅसेट मी शेतातल्या मचाणावरही वाजताना ऐकल्या आहेत. आमच्या शाळेतले संगीताचे सर या नकली गळ्यांवर फार चिडत. पण त्यांच्याच घरी चार भजनांच्या कॅसेट टी-सीरीजच्या होत्या, कारण मास्तरच्या पगारात त्याच बसत होत्या.

तयार कॅसेटपेक्षाही आमच्या भागात जास्त चालली ती भरलेली कॅसेट. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. पेठेची आखणी इंग्रजांच्या काळात पाटीवरच्या चौकटीसारखी झाली आहे. अशाच एका नंबराच्या गल्लीत माझा धाकटा भाऊ राहत असे आणि त्याच्या घराखाली कॅसेट भरून देणारे दुकान होते. आठ बाय दहाची खोली, दोन डेक, भिंतभर तबकड्या. गिऱ्हाइकाने कोरी कॅसेट घ्यायची, साठ मिनिटांची किंवा नव्वदची, आणि यादी द्यायची. साठच्या कॅसेटमध्ये बारा ते चौदा गाणी बसत. प्रत्येक बाजूला तीस मिनिटे, त्यामुळे यादी करणाऱ्याला बेरीज यावी लागे; नाहीतर शेवटचे गाणे कडव्यात तुटायचे. दुकानदार यादी वाचून प्रश्न विचारी, “रफीचं की मुकेशचं? सिनेमातलं की रेकॉर्डचं?” दोन दिवसांनी कॅसेट मिळे, आतल्या कार्डावर दुकानदाराच्या सुवाच्य अक्षरात गाण्यांची नावे लिहिलेली.

हा सगळा धंदा बेकायदाच होता, त्यात शंका नाही. कंपनीला, गायकाला, कोणालाही त्यातून दमडी जात नव्हती. पण त्या याद्या! मी कितीतरी लोकांना त्या लिहून दिल्या आहेत. आमच्या शाळेतला शिपाई मुलीच्या लग्नाआधी माझ्याकडे आला होता. मुलगी सासरी जाताना गाडीत वाजवायला कॅसेट हवी, पण रडवणारी गाणी दोनच घाला म्हणाला, बाकीची हिंमत देणारी. आम्ही दोघांनी मधल्या सुट्टीत बसून तीन दिवस ती यादी केली. चौदा गाणी निवडायची म्हणजे पन्नास गाणी बाजूला ठेवायची. गाणे विकत घेणे म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हेच सांगीन.

सीडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जगात ती १९८२ साली आली, आमच्याकडे तिची खरी ओळख झाली ती २००० च्या आसपास, आणि तीही नकलेच्या रूपात. संगणकावर सीडी ‘मारून’ देणारी पोरे निघाली. (भरून गेले आणि मारून आले.) एमपीथ्रीचा चमत्कार तेव्हा कळला. सीडीवर मूळ रूपात एक मिनिट आवाजाला दहा मेगाबाइट जागा लागते, एमपीथ्रीला साधारण एक. म्हणजे जिथे पंधरा गाणी बसायची तिथे दीडशे बसली. शेजारच्या मालेगावात तर याच सुमारास व्हीसीडीवर सगळा चित्रपटधंदाच उभा राहिला. शेख नासिर यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० सालचा. त्या मागोमाग अहिराणी बोलीतल्या विनोदी व्हीसीडी धुळ्याच्या बसस्थानकावर मिळू लागल्या. आपली बोली पडद्यावर ऐकून आमची मोठी काकू पदर तोंडाला लावून हसत असे, ते आठवते.

आणि मग आली चिप. बोटाच्या नखाएवढे मेमरी कार्ड. खान्देशात डाउनलोड आले ते याच रूपाने, आणि गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी आले त्यातल्या बहुतेकांनी स्वतः कधी काही डाउनलोड केलेच नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाईलची दुकाने दाटीने आहेत. २००६ ते २०१५ या काळात तिथे दर दुसऱ्या दुकानात एक पोरगा संगणक लावून बसलेला असे. इंटरनेट त्याच्याकडे. बाहेरून गाणी तो उतरवून ठेवी आणि गिऱ्हाइकाच्या कार्डात ओती. दहा रुपये, वीस रुपये, फार तर पन्नास. दोन जीबीच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी मावत.

हे एवढे का फोफावले याचे कारण पुस्तकात सापडायचे नाही, पण त्या वर्षांत ज्याने खान्देशात उन्हाळा काढला त्याला ठाऊक आहे. भारनियमन! दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. टीव्ही बंद, टेप बंद. मोबाईल मात्र एकदा चार्ज केला की दोन दिवस गाई. रावेर-यावलकडे केळीच्या घडांनी ट्रक भरणारी माणसे, कपाशी वेचणाऱ्या बायका, रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी, सगळ्यांच्या खिशात किंवा पदराच्या गाठीत गाणारी डबी असे. चिनी बनावटीच्या त्या मोबाईलचा आवाज कर्कश होता, पण मोठा होता. आमच्या लाउडस्पीकरवाल्याची पेटी मुठीत मावू लागली म्हणा ना.

२००९ च्या सुमारास मीही माझे कार्ड घेऊन गोलाणीत गेलो. सवयीप्रमाणे यादी नेली होती. सुधीर फडके, माणिक वर्मा, थोडे तलत. दुकानातल्या पोराने यादी पाहिली, उलटी करून पाहिली, आणि आदराने परत दिली. माझा विद्यार्थी निघाला. “सर, यादी कशाला? ‘मराठी जुनी’चं सगळं फोल्डर टाकतो. नको असतील ती उडवून द्या.” घरी येऊन पाहिले तर ३८२ गाणी. त्यातली निम्मी मी कधी मागितली नसती आणि पन्नासेक अशी, की जी आहेत हेच मला ठाऊक नव्हते. आनंद झाला, नाही असे नाही. एका मागोमाग ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०१ (२)’, ‘न्यू ट्रॅक ०७’ अशी नावे मात्र वाचली आणि निवेदकाची आठवण झाली. कोण गाते, कोणाचे शब्द, काही पत्ता नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे डाउनलोडने आमच्याकडे बदलले ते हे. गाणे फुकट झाले असे सगळे म्हणतात, पण फुकट तर ते धुळ्याच्या गल्लीतही कंपनीला डावलूनच मिळत होते. आधी आम्ही गाणे नाव घेऊन मागत होतो. आता मागावे लागत नाही, म्हणून नाव लागत नाही. लोक पैसे देतच राहिले. फक्त ते गाण्याचे न देता भरण्याचे देऊ लागले.

पैशांचे आणखी एक सांगतो. त्याच वर्षांत देशात डिजिटल गाण्यांची सर्वांत मोठी कमाई कशातून होत होती? कॉलर ट्यूनमधून! महिन्याला तीस रुपये, वर गाण्याचे पंधरा. चारशे गाण्यांची चिप वीस रुपयांना, आणि दुसऱ्याला ऐकू येणारा गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा तीस रुपयांना. माझ्या फोनवर अशीच एक ट्यून न मागता लागली होती. मला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, विहीणबाईंनी सांगितले, “तुमच्या फोनवर काय हो हे लावलंय?” तोवर तीन महिने पैसे कापले गेले होते. अशा तक्रारी देशभर इतक्या झाल्या की २०१३ साली ‘ट्राय’ने अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे सक्तीचे केले.

रीतसर विकण्याचे प्रयत्नही झाले, पण थोडक्यात आटोपले. संगीत कंपन्यांच्या संघटनेने चिप भरणाऱ्या दुकानांना परवाने द्यायची योजना काढली. २०१२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने फुकट गाण्यांची शंभरावर संकेतस्थळे अडवली गेली. त्याच साली फेब्रुवारीत फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर काढले आणि डिसेंबरात अ‍ॅपलचे दुकानही भारतात आले, गाणे बारा-पंधरा रुपयांना. फ्लाइट २०१३ च्या जूनमध्ये बंदही झाले. कार्ड नसलेल्या माणसाने बारा रुपये इंटरनेटवरून कसे द्यायचे, हा साधा प्रश्न होता. चिपवाल्याला दहाची नोट चालत होती. २०१२ सालीच कॉपीराइट कायदाही सुधारला, आणि त्यात एक गोष्ट मोलाची झाली. गीतकार-संगीतकारांना मानधनाचा जो वाटा मिळतो, तो करारात लिहून देऊनही कंपनीला त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असे ठरले. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. आणि गुलशन कुमारांची ती जुनी फटही बुजली. मूळ गाणे निघाल्यावर पाच वर्षे तरी आता दुसऱ्या गळ्यातून काढता येत नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला, शिक्षकदिनीच, जिओ आले आणि गोलाणीतले चिपवाले एका वर्षात दिसेनासे झाले. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ते आता काही महिने फुकट मिळाले, आणि नंतरही स्वस्तच राहिले. डाउनलोड करून साठवायची गरजच उरली नाही. मागचा चिपवाला विद्यार्थी आता मोबाईलच्या काचा बसवतो. निवड त्याच्याकडून यूट्यूबकडे गेली. एक गाणे संपले की दुसरे आपोआप लागते, माझी सौ. म्हणते, लाउडस्पीकरवालाच परत आला, फक्त तो दिसत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की म्हातारा रडगाणे गातो आहे. तसे नाही. ज्या गोष्टीचा मला मनापासून आनंद आहे ती आता सांगतो. तबकडीच्या काळात अहिराणीला बाजारात जागा नव्हती. कॅसेटच्या काळात थोडी मिळाली, ती गावच्या जत्रेपुरती. आमच्या कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, वहीगायन हे सगळे तोंडी चालले. मुंबई-पुण्याच्या कंपनीला त्यात नफा दिसत नव्हता, आणि दिसायचे कारणही नव्हते. छापायचा, साठवायचा, पाठवायचा खर्च निघाला पाहिजे ना! फाइलला यातले काहीच लागत नाही. मग काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. सचिन कुमावत यांनी काढलेले आणि अण्णा सुरवाडे यांनी गायलेले ‘बबल्या इकस केसावर फुगे’ साऱ्या महाराष्ट्राच्या वरातींत वाजले. विनोद कुमावत यांचे ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ज्या बोलीत बोलले म्हणून आमच्या पिढीने वर्गात छड्या खाल्ल्या, त्या बोलीतल्या गाण्यावर आता कोल्हापूरची मुले नाचतात. पुण्यात नातवाच्या वसतिगृहात ते गाणे लागले तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “हाई आपलं गानं शे!” त्याला एवढेच अहिराणी वाक्य येते, पण ते तो बरोबर बोलला.

कमाई मात्र आता जाहिरातींतून आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांतून होते. गाणे ही त्या कार्यक्रमाची जाहिरात. लग्नसराईत डीजेवाल्याचा दर ठरतो, गाण्याचा ठरत नाही.

आता नावाकडे येतो. आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे सर्वांना माहीत आहे. शेतात, जात्यावर त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले. आचार्य अत्र्यांनी ते पाहिले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. (त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे, हा घोळ पुण्याकडचे लोक नेहमी करतात.) पुढे यशवंत देवांनी चाली दिल्या, उत्तरा केळकर गायल्या. ती कॅसेट मी जळगावात विकत घेतली तेव्हा दुकानात माझ्यापुढच्या बाईने मागितली ती अशी, “बहिणाबाईची द्या.” गायिकेचे नाही, संगीतकाराचे नाही, असोद्याच्या त्या शेतकरणीचे नाव घेऊन. कोणी तरी वेळेवर नावासकट लिहून ठेवले म्हणून.

आमच्या घरची गोष्ट तशी झाली नाही. १९८६ च्या आखाजीला ताई माहेरपणाला अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. भावोजींचा टू-इन-वन बरोबर होता. निंबाला झोके बांधले होते, आई, मोठी काकू आणि शेजारच्या बायका गौराईची गाणी म्हणत होत्या, ताईने बटण दाबून ठेवले. साठ मिनिटांची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. मध्येच झोक्याच्या दोराची करकर आणि एकदा बकरीचा आवाज येतो. कार्डावर ताईच्या अक्षरात ‘आखाजी ८६’ एवढेच आहे. त्यातल्या एका गाण्यात आईने स्वतः जोडलेले एक कडवे आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीचे नाव त्यात येते, आणि विहिरीला त्या नावाने आमच्या घराबाहेर कोणी ओळखत नाही.

भाच्याने २०११ साली त्या कॅसेटची एमपीथ्री करून घेतली. फार चांगले काम केले, कारण फीत तेव्हाच चिकटू लागली होती. ती फाइल नातेवाइकांच्या चिपमध्ये गेली, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरली. २०२३ साली एका लग्नात डीजेवर एक नवे गाणे लागले. ठेका नवा, आवाज कोणा तरुण मुलीचा, आणि दुसऱ्या कडव्यात आमची विहीर! यूट्यूबवर पाहिले तर खाली गीतकार म्हणून एक नाव होते. ते इथे लिहीत नाही. त्या माणसापर्यंत ही फाइल ‘ट्रॅक ०१’ म्हणूनच पोचली असेल, आणि जुने आहे म्हणजे कोणाचेच नाही असे त्याने धरले असेल. परंपरेने चालत आलेल्या गाण्यावर कोणाचीच मालकी नसते, त्यामुळे बाकीच्या कडव्यांबद्दल माझी तक्रारही नाही. वकील असलेल्या पुतण्याने कायदा सांगितला. रचनाकाराचा हक्क त्याच्या मरणानंतर ६० वर्षे राहतो. आई १९९४ साली गेली, म्हणजे २०५४ पर्यंत. “पण काका, ते कडवं काकूआजीचं होतं हे सांगणार कोण?” ताई गेली. मोठी काकू गेली.

मला पैसे नकोत. त्या माणसाला मी साधे पत्र पाठवले आहे, की गाण्याखाली आईचे नावही लिहा. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान भाच्याकडून मूळ फाइल घेऊन मी एक काम चालवले आहे. प्रत्येक गाणे वेगळे करून त्याला नाव देतो आहे, आणि कोण गाते ते वहीत लिहितो आहे. एकूण सतरा गाणी निघाली. पाच आवाज आहेत. आई, मोठी काकू आणि ताई हे तीन मी ओळखले. चौथा धाब्याच्या घरातल्या जिजींचा, हे त्यांच्या सुनेने ऐकून नक्की केले.

पाचवा आवाज कोणाचा ते कळत नाही. बारीक आहे, चढा आहे, आणि नवव्या गाण्यात ती सुरुवात करते, बाकीच्या मागून म्हणतात. त्या साली आखाजीला चाळीसगावकडच्या आत्याबाईंच्या दोन मुली आल्या होत्या, त्यातली एक असावी असा माझा अंदाज आहे. फाइल सगळ्या घरच्यांना पाठवली आहे. चाळीसगाव आणि पारोळ्याच्या मंडळींनी नववे गाणे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवावे आणि मला कळवावे. फोन केला तरी चालेल, दुपारी चारनंतर करा, त्याआधी मला ऐकू कमी येते.